कंट्रोलवरचा अंगठा

परबकाका कीबोर्डवरची शिफ्ट नेहमी अंगठ्याने दाबत. डाव्या हाताची दोन बोटं गिरणीच्या मागात सापडून कायमची आखडली होती. त्यामुळे पंजा आडवा करून ते अंगठा टेकवत, आणि उजव्या हातात माउस असा धरत की जणू तो आता पळूनच जाणार. लालबागच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर मी कॉम्प्युटरचा क्लास चालवत असे. संपात गिरणी गेली, पुढे वॉचमनकीत गुडघे गेले, आणि पन्नाशी उलटल्यावर काका माझ्यासमोर एक्सेल शिकायला येऊन बसले.

माउस ओढत चौकटी निवडणं त्यांना जमेना, सारखा हात सुटे. मग मी सोपी युक्ती दाखवली. पहिल्या चौकटीवर क्लिक करायचं, शिफ्ट दाबून शेवटच्या चौकटीवर. मधलं सगळं आपोआप येतं. विखुरलेल्या चौकटी हव्या असतील तर कंट्रोल दाबून एकेक उचलायची.

काका खुदकन हसले. "शिफ्ट म्हंजे आमची युनियन गो, सगळ्यांक घेता. कंट्रोल म्हंजे म्यानेजर. तेका व्हये तेवढेच उचलता."

त्यांना कॉटन ग्रीनच्या एका गोदामात हजेरी भरायचं काम मिळालं. तिथले निम्मे हमाल त्यांच्याच गिरणीतले. एक दिवस शेठ खुर्चीमागे उभा राहिला आणि उद्यापासून कोणाला बोलवायचं नाही ती नावं सांगू लागला. काकांनी ती निवडून काढून टाकायची होती. कंट्रोलवर अंगठा दाबून ते एकेका नावावर क्लिक करत गेले. शेवटच्या नावाला अंगठा घसरला, आणि आधी निवडलेली सगळी सुटली.

"परत करा," शेठ म्हणाला.

काका उठले ते सरळ घरी आले.

ती नावं त्याच संध्याकाळी दुसऱ्या कोणीतरी काढली. "तुमच्या उठण्यान कोण वाचलो?" काकी चिडून म्हणाल्या. चाळीने मात्र काकांना डोक्यावर घेतलं. गणपतीत शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं, तेव्हा ते क्लासमध्ये आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"तेंका सांग, माका शाल नको. पयल्या खेपेक मीच सगळी नावां निवडलेली गो."

"पण उठलात ना, काका?"

"अंगठो घसारलो म्हणान उठलंय. नसतो घसारलो, तर उठलो असतंय काय?"

'हो' म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला खोटं बोलवेना. मान हलवून ते निघून गेले, आणि पुन्हा कधी त्यांनी क्लासचा उंबरा ओलांडला नाही.