आमचा विंगर ब्रेट

काही टीम कप जमवतात, आम्ही किस्से जमवले. अमेरिकेतल्या सनीव्हेलमध्ये दर रविवारी सकाळी फुटबॉल खेळणारी आमची मराठी टीम २००१ ते २००८ अशी सात वर्षं टिकली. एवढ्या काळात शोकेसमध्ये ठेवावं असं आम्हाला काहीही मिळालं नाही. पण आजही आम्ही दोघं-तिघं कुठे भेटलो की एक किस्सा निघतो, त्याला धरून दुसरा येतो आणि आमच्या बायका आपापला चहा घेऊन दुसऱ्या खोलीत जातात. त्यातले निम्मे तरी किस्से ब्रेटचे असतात.

ब्रेट ऑस्ट्रेलियन. तिकडे तो एका प्रोफेशनल क्लबचा विंगर होता, म्हणजे मैदानाच्या कडेकडेनं बॉल घेऊन सुसाट सुटणारा. आमच्या ऑफिसात तो टेस्टिंगमध्ये लागला आणि आम्ही नऊच जण जमतो हे कळल्यावर बिचारा दयेपोटी आला.

बाकी आम्ही सगळे क्रिकेटवर वाढलेले. मी पुण्यात विकेटकीपर होतो, एवढ्या क्वालिफिकेशनवर मला गोलकीपर केलं होतं!

पहिल्याच रविवारी आमच्या नागपूरच्या शिरीषनं मागून बॉल लांब मारला. तो लाइनच्या बाहेर जाणार हे आम्ही गृहीत धरलं होतं. ब्रेटनं तो पळत जाऊन गाठला. शिरीष जागेवर उभा राहून टाळ्या वाजवायला लागला.

मी ओरडलो, "अरे, पुढे पळ ना!"

"थांब ना बे, आधी बघू तर दे!"

ब्रेटनं गोलसमोर बॉल दिला. तिथं आमचं कोणीच नव्हतं. असं पाच वेळा झालं. हाफटाइमला त्यानं फार नम्रपणे विचारलं, "मेट, तुमच्यापैकी कोणी गोलपर्यंत येणार आहे का?"

शिरीष म्हणाला, "येतो ना! फक्त तू निघायच्या आधी सांगत जा. मी दहा मिनिटं आधी निघतो."

*

गद्रे काका आमच्यात सर्वांत सीनियर. फार वर्षांपूर्वी अमेरिकेत आलेले हाडांचे डॉक्टर, आता रिटायर. घडीची खुर्ची टाकून ते आणि काकू मॅच बघत. ब्रेट पार्किंगमधून चालत येत होता, तेवढ्यावर काका म्हणाले, "डावा गुडघा. दोनदा उघडलाय. दुसऱ्यांदा घाईत."

ब्रेट लालबुंद झाला. मग गवतावर बसून त्यानं सगळं सांगितलं. त्याचे वडील रॉन हेच त्याचे कोच. आठव्या वर्षी त्यांनीच त्याला विंगवर उभं केलं. चोविसाव्या वर्षी एका मोठ्या मॅचला त्याचा गुडघा सुजला होता. रॉन म्हणाले, "पट्टी बांध आणि खेळ." वीस मिनिटांत करिअर संपलं. त्या दिवसापासून रॉननी कुठल्याही मैदानावर पाय ठेवला नव्हता. बापलेक दर आठवड्याला फोनवर बोलत, पण हवामान आणि कुत्रा, बस.

"एकदा डॅडनं मला खेळताना बघावं," ब्रेट म्हणाला, "मग बूट टाकून देईन."

शिरीषनं नुकताच उघडलेला चिवड्याचा डबा बंद केला.

काकांनी ऑर्डर सोडली, "एका मॅचला पंधरा मिनिटं. सोळावं नाही."

एकदा ब्रेट सोळाव्या मिनिटाला बाहेर येईना. काका उठले, खुर्ची उचलली, चालू मॅचमध्ये मैदानाच्या मधोमध गेले आणि त्याच्यासमोर खुर्ची उघडून म्हणाले, "बस!"

रेफरीनं काकांना ताकीद म्हणून यलो कार्ड दाखवलं. काकांनी चष्मा लावून ते दोन्ही बाजूंनी तपासलं.

लाइनबाहेरून काकू ओरडल्या, "अहो, ते कुठं मिळतं विचारा! मला घरी एक हवंय!"

*

एकदा सेमीफायनल नेमकी गणपतीत आली. सकाळी काकूंच्या घरी आरती, तिथून थेट ग्राउंड. ब्रेटनं नको म्हणायला तोंड उघडलं की काकू त्यात मोदक ठेवत होत्या. अकरा झाले, तेही तुपासकट!

त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी ब्रेटला पळताना मागे टाकलं. मी गोलकीपर आहे, हे पुन्हा सांगतो.

*

२००८ साली कंपनीनं ब्रेटचं प्रोजेक्टच बंद केलं. त्याला परत जावं लागणार होतं. काकांनी गुडघा दाबून पाहिला आणि सांगितलं, "तिकडे गेल्यावर ऑपरेशन. नंतर फक्त पोहायचं." म्हणजे येता रविवार शेवटचा.

सामान आवरायला म्हणून रॉन आले होते. "मॅचला येणार नाही म्हणतो," ब्रेट म्हणाला. "पॅकिंग करत बसणार आहे."

काकांनी सरळ फोन लावला. "मिस्टर रॉन, उद्या तुम्ही आमचे प्रमुख पाहुणे. आमच्यात प्रमुख पाहुण्यांना नाही म्हणता येत नाही."

आणि रॉन आले! उंच, पांढरे केस, टोपी डोळ्यांवर ओढलेली. आता पाहुण्यांना नुसतं उभं कसं ठेवायचं? हार नाही, नारळ नाही. प्रत्येक टीमनं एक लाइन्समन द्यायचा असतो, म्हणजे कडेला उभा राहून चूक दिसली की फ्लॅग वर करणारा, तेव्हा शिरीषनं तो फ्लॅगच दोन्ही हातांनी त्यांना दिला. "अंकल, हा तुमचा मान."

माझ्या कानात म्हणाला, "आपलाच माणूस आहे यार. टेन्शन नाही!"

स्कोअर शून्य-शून्य. शेवटची पंधरा मिनिटं राहिली तेव्हा ब्रेट आत आला. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग शिरीषनं मागून बॉल लांब मारला आणि ब्रेट सुटला. दहा-दहा वर्षांनी लहान असलेली पोरं त्याच्या मागे धापा टाकत होती. इतकं सुंदर पळणं मी पुन्हा पाहिलं नाही. बॉल जाळ्यात गेला. मी माझा गोल सोडून धावलो, सगळे ब्रेटच्या अंगावर पडलो.

रेफरीची शिट्टी वाजली. मान वर करून बघतो तर रॉनचा हात ताठ वर, हातात फ्लॅग!

ऑफसाइड. म्हणजे बॉल मारला त्या क्षणीच ब्रेट शेवटच्या डिफेंडरच्या पुढे गेलेला होता. गोल रद्द.

"अंकल, आपली टीम!" शिरीष रडायच्या बेतात आला होता. रॉननी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ब्रेट लंगडत त्यांच्याकडे गेला. आता भांडण होणार म्हणून आम्ही मागोमाग धावलो.

"किती?" ब्रेटनं विचारलं.

"अर्धा बूट."

"शक्यच नाही!"

"आठ वर्षांचा होतास तेव्हापासून लवकर निघतोस."

"लवकर नाही, डॅड. मी फास्ट आहे!"

"फास्ट आहेसच," रॉन म्हणाले. "आणि लवकरही निघतोस."

मॅच शून्य-शून्यच संपली. समोरची टीम घरी गेली. आम्ही चादर अंथरून पुरी-भाजीचे डबे उघडले. ते दोघे अजून तिथंच होते. रॉन डिफेंडर होऊन उभे राहत, ब्रेट आपण नेमके कुठे होतो ते दाखवी, आणि रॉन पुन्हा फ्लॅग वर करत.

काकू म्हणाल्या, "अहो, जेवायला बोलवा ना त्यांना. पुऱ्या गार होतायत."

"होऊ देत गार," काका म्हणाले.