डिझेल भट्टीची चिमणी

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कोल्हापूरजवळच्या एका बेकरीत कामगार मेला. डिझेलवरची नवी भट्टी पेटलेली, शटर ओढलेलं, त्यात धुराने गुदमरला. मालकाने आम्हा पोलिसांना कळवलं ते दुपारी, आणि सगळा दोष भट्टी बसवणाऱ्या फिटरवर टाकला. फिटर गडहिंग्लजचा. त्याला ताब्यात घेतलं, तशी त्याची बायको ठाण्याच्या व्हरांड्यात येऊन बसली. जेवायलाही उठेना.

चौकशीत फिटरचं एकच म्हणणं. "सायेब, चिमणी आली नव्हती. ती बसल्याबिगर पेटवू नका म्हणून बजावून गेलतो की."

पण पंचनाम्यात चिमणी होती, छपरातून बाहेर काढलेली. फिटर खोटं बोलतोय, असंच सगळे धरून चालले.

तेवढ्यात ठाण्यात फोन आला. "नाव सांगणार न्हाय. चिमणी माणूस मेल्यावर चढवलीया."

मी तडक बेकरी गाठली. चिमणीत हात घातला, बोटांना काजळी लागली नाही. मालक म्हणाला, "नवी हाय सायेब. लगेच काजळी कुठनं धरणार?"

तेही खरंच. मी सगळीकडे नजर फिरवली. दसऱ्याची पूजा जोरात झालेली. डिझेलची टाकी, बर्नर, भट्टी, वजनकाटा, झाडू, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचा हार. चिमणी तेवढी कोरी.

"पूजा कुणी केली?"

"मीच की."

"झाडूसुद्धा सोडला नाहीत. मग चिमणीनं काय घोडं मारलं होतं?"

मालकाने हात जोडले. "थांबलो असतो तर दसऱ्याचा मुहूर्त टळला असता सायेब. चिमणीचं पाइप दुसऱ्या दिवशी सकाळी आलं, तवा त्यो मेलेला."

मालकाला अटक झाली. फिटरला सोडलं, तेव्हा त्याने बायकोकडे बघायच्या आधी मला विचारलं, "त्या गड्याच्या घरी पोरंबाळं हैत का?" आहेत म्हटल्यावर तो तिथेच रडला.

डिझेलच्या भट्टीचे नियम अवघड नाहीत. धुराला बाहेर वाट हवी, ताज्या हवेला आत वाट हवी, आणि बसवणाऱ्याने हो म्हटल्याशिवाय पेटवायची नाही. आता निवृत्त झालोय. कुणी उद्घाटनाला बोलावलं तर आधी चिमणी दाखवा म्हणतो. लोकांना राग येतो. येऊ दे. मुहूर्त दरसाल येतो. तो कामगार आपल्या पोरांकडे परत गेला नाही.