रिकामा परत आलेला डबा

माझ्याइतका मोकळ्या मनाचा माणूस अख्ख्या बनशंकरीत सापडणार नाही, अशी माझी खात्री होती. आमचं मराठी घराणं कित्येक पिढ्यांपासून बंगळुरात, आणि व्हाइटफील्डच्या ऑफिसात माझा रोजचा संबंध सात देशांच्या लोकांशी. समोर कुणी काट्या-चमच्यानं डोसा खाल्ला तरी माझ्या कपाळावर आठी पडत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर वर्षभर एक जर्मन भाडेकरू होता. आई त्याला दर शनिवारी बिसीबेळे भात पाठवायची. डबा घासूनपुसून, लख्ख आणि रिकामा परत यायचा. डबा रिकामा परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हे आमच्याकडे पाळण्यातच शिकवतात. पण मी आईची समजूत घालायचो, "त्यांच्याकडे तशी पद्धत नाही. आपण मन मोठं ठेवायचं." असं म्हणताना ते खरोखर मोठं झाल्यासारखं वाटायचं.

तो गेला आणि पुण्याचं जोडपं आलं. त्यातली मुलगी घरूनच काम करायची आणि जेवणाच्या सुट्टीत खाली येऊन आईशी गप्पा मारायची. गुडघ्यांमुळे आईचं बाहेर जाणं बंद झालेलं, दिवसभर बोलायला माणूस नाही. त्या अर्ध्या तासासाठी ती सकाळपासून वेणी घालून तयार असायची.

पहिल्या शनिवारी डबा वर गेला आणि रिकामा परत आला. दुसऱ्या शनिवारीही तेच. माझं डोकं फिरलं. जर्मनाला काय कळतं, पण हिला? मराठी असून? तिसऱ्यांदा ती डबा द्यायला आली तेव्हा मी तिच्यासमोरच झाकण उघडून आत बघितलं.

"पुण्यात साखर मिळत नाही वाटतं," मी म्हणालो.

ती ओशाळून हसली आणि निघून गेली. मी मात्र खुशीत होतो.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. त्या आठवड्यात मी घरून काम करत होतो, म्हणून सगळं बघावं लागलं. आई दाराकडे तोंड करून बसायची. गुरुवारी तिनं वेणी घातलीच नाही.

"आई, रीत म्हणून काही असते की नाही?" मीच विषय काढला.

"जर्मनाचा डबा वर्षभर रिकामा आला अण्णा, तेव्हा कुठं गेली होती तुझी रीत? हिला स्वल्प सांभाळून घेतलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"तो परका माणूस. ही आपली ना!"

"म्हणजे तू परक्यांनाच सांभाळून घेतोस. मग मलाही परकीच समज, आणि वर जाऊन तिला बोलावून आण."

जिना चढताना मला भयंकर लाज वाटत होती. तिनं दार उघडलं. "चुकलो," एवढंच मी म्हणालो. ती काही बोलणार, तेवढ्यात खालून आईचा आवाज आला, "येतेय का रे ती?"