रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला दादांची हाक

हॉस्टेलवर कुणी भुताखेताचं काढलं की सगळ्यात आधी फिदीफिदी हसणारी मीच. तरी हे लिहितेय, आणि भराभर लिहितेय... अक्षर समजून घ्या.

मी नगरला कॉलेजात, गाव काष्टी. माझ्या लाडक्या इंग्लिश रॉक बँडची नवी एल.पी. पुण्याच्या मैत्रिणीकडून आणली, दोन दिवसांच्या बोलीवर. हॉस्टेलवर प्लेअर नाही. म्हणून बाजाराच्या दिवशी थेट गावी, मामाच्या दुकानात — मामा लग्नात लाउडस्पीकर लावतो.

पहिली बाजू लागली आणि मी हिरमुसलेच. आधी कशी झटपट गाणी असायची, इथे गाणंच नाही! गिटारची लांबच लांब घरघर, घंटा, पाणी पडल्याचा आवाज. पण दहा मिनिटांत असं काही गुंतायला झालं... हे वेगळंच आहे, भारी आहे!

मामा म्हणाला, "ठमे, माजी सुई बिघडली का गानारे बिघडले?"

आई बाजार करून तिथेच टेकली होती. दादा — माझे वडील — जाऊन चार वर्षं झाली. परवाच ती म्हणाली होती, "फोटो हाय, पर आवाज पार गेला बघ डोक्यातनं. लई आठवून बघते, येतच न्हाई."

दुसरी बाजू. तीच घरघर, तेच पाणी. आणि त्यातून, स्वच्छ —

"चला मेव्हणं... मागं सरा, मागं..."

दादा विहिरीवर मोट हाकायचे. एक बैल आईच्या माहेरचा, म्हणून मामाला चिडवायला ते त्या बैलालाच 'मेव्हणं' म्हणायचे. मोट रिकामी झाली की बैलांना मागं घ्यायची ही त्यांची हाक. दुसरं कोण असं म्हणेल?

या नावावरून मामा कायम उखडायचा. त्या दिवशी हळूच म्हणाला, "सरतो, दाजी."

आई डोळे मिटून बसलेली. "ह्योच," म्हणाली. "असाच घोगरा हुता."

मग पाच वेळा लावली. नुसती घरघर. मैत्रीण पुण्यात रोज ऐकते, तिलाही काही नाही. तिघांना एकदम सारखाच भास कसा होईल?

आईला मात्र आता आवाज आठवतो, हाक तशीच करून दाखवते. काल म्हणाली, "त्या गानाऱ्या पोरांना पत्र धाड. आपल्या मळ्यात कवा आल्ते, ईचार. आन म्हनावं, घरी च्या तरी घेऊन जायचा हुता."