चाचाच्या फाईलीवरचं कुलूप

जळगाव जामोदात आमच्या बॅनरच्या दुकानाचे मालक होते चाचा. शिवी कधी तोंडानं देत नसत, फाईलीच्या नावात लिहीत. गिऱ्हाइकानं तीनदा फोटो बदलला का त्याच्या वाढदिवसाची फाईल ‘थोबाड-तीन’ नावानं जमा. हे मले मागून समजलं. तवा मले वाचताच येत नव्हतं. शाळा मी बाहेरूनच पाह्यली, बकऱ्यायच्या मागं जाता-जाता.

माह्यं काम शिडीवर चढून बॅनर बांधाचं. उंचावर पाय लटलट कापत. एक दिवस चाचानं खाली बलावलं अन् कम्प्युटरपुढं बसवलं. “बस बे. तू पडून मेला त तुहं बॅनर मलेच बनवा लागन.”

चित्रं पाहू-पाहू शिकलो. कम्प्युटर एकच, पन दोघायचे खाते येगळे. सकाळी चाचा त्यायच्या खात्यात बॅनर बनवत, दुपारी मी माह्या खात्यातून तीच फाईल उघडून फोटो बसवो. मंग चाचानं कम्प्युटर चालवनारं लिनक्स नव्यानं टाकलं, अन् त्यायच्या हरेक नव्या फाईलीवर मले बारकं कुलूप दिसू लागलं. फाईल उघडे, पन केलेला बदल जमाच होत नसे.

“तुह्या बोटाचा गुन हाय हा,” चाचा म्हनाले. “कुलूप निघालं त खुर्ची तुही. नाही त शिडी.”

आठ दिवस शोध चालला. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत हुकूम लिहून बनवलेली फाईल बिना कुलपाची. फोल्डरच्या खिडकीत माऊसनं बनवली का कुलूप. चाचा बनवत, कुलूप दिसते का नाही ते मी सांगो. सगळ्या फाईलीले नाव एकच, आकडा तेवढा येगळा.

“चाचा, काय लिहेल हाय हे?”

“तुहं नाव बे. तुह्यासाठीच त चाललं सगळं.”

माह्यं नाव, कम्प्युटरात! डोये भरून आले माह्ये. ते अक्षरं पाहून लाल रेडियम कापलं अन् फटफटीच्या मांगं चिकटवलं. बाजारात लोक हासत, मी हात दाखवो. मंग बायको माहेरून आली. चौथी शिकेल. पिशवी खाली ठेवाच्या आंधीच म्हने, “आवो, गाडीवर गाढव कोनं लिहिलं?”

दुसऱ्या दिवशी चाचाशी भांडाले गेलो. ते बाहेर आले, गाडी पाह्यली. “कापलं मात्र सुबक बे.” माह्यं भांडन तिथंच सरलं.

त्याच दिवशी चूक सापडली. चाचाचीच होती. नवी फाईल सगळ्यायले बदलता यावी, हा हुकूम त्यायनं अशा जागी लिहिला होता का तो फक्त काळी खिडकी वाचे. फोल्डरच्या खिडकीले खातं उघडतानीच सांगा लागते. चाचानं हुकूम तिथं नेला, खात्यातून बाहीर निघून परत आत गेले, फाईल बनवली. मी माह्याकडून उघडली. कुलूप नाही! फोटो बदलला. जमा!

“निघालं चाचा! खुर्ची माही!”

चाचा चष्मा पुसत राह्यले. “आता त कोनालेही जमते बे. खुर्ची वाचता येनाऱ्याची.” अन् आपल्या भाच्याले बसवलं. मी हासलो, शिडी उचलली.

त्या सालात बायकोनं मले वाचाले शिकवलं. चाचाले मी सांगितलंच नाही. त्यायच्या मांगं उभा राहून फाईलीचे नावं चोरून वाचो, अन् बाहीर जाऊन पोट धरून हासो. समजलं असतं त त्यायनं असे नावं लिहिनं बंद केलं असतं. चार वर्सं असेच गेले.

चाचाले माती देऊन घरी आलो, तवा बायको म्हने, “वाचता येते म्हनून सांगतलं असतं, त खुर्ची भेटली असती ना तुमाले?”

हे माह्या डोक्यात तोपर्यंत आलंच नव्हतं.