बाराजणींची यादी

पनवेलमधली आमची शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची. आजूबाजूला इंग्रजी शाळा निघाल्या आणि नोकरदारांची मुलं तिकडे गेली. माझ्या वडिलांसारखे थोडे लोक मागे राहिले. बाकीचा वर्ग खाडीकाठच्या गावांतून यायचा. निकालात आमची शाळा कुठेच नव्हती. तिचं नाव होतं ते मुलींच्या खो-खोमुळे. दसऱ्याला सरस्वतीपूजन झालं की मुख्याध्यापक स्वतः मैदानात येऊन खो-खोच्या दोन्ही खांबांना झेंडूचे हार घालायचे.

माझ्या वर्गातली एक कोळ्याची मुलगी त्या संघाचा जीव होती. तिची आई बाजारात मासळी विकायची. मासळी जास्त आली की आईच्या मदतीला ही जायची, मग शाळा बुडायची. पण मैदानात ती खांबाला असा वळसा घालायची की पाठलाग करणारी मुलगी सरळ पुढे निघून जायची. मीही संघात होते, राखीव. दहावीत क्लास लागले आणि दिवाळीनंतर मी सराव सोडला.

त्या वर्षी संघ राज्य स्पर्धेला निघाला. राज्य पातळीवर खेळलं की दहावीला जादा गुण मिळायचे. एका संध्याकाळी वडील मुख्याध्यापकांच्या घरी जाऊन आले. चहा घेताना आईला म्हणाले, "काम झालं." मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर बाराजणींची यादी लागली. माझं नाव होतं, तिचं नव्हतं.

"तू सरांना काय बोललीस?" तिनं विचारलं.

"मला काही माहीत नाही," मी म्हणाले.

दोन दिवसांनी तिची आई आली. शिपायानं मासळीची पाटी बाहेर ठेवायला लावली. ऑफिसचं दार उघडंच होतं, आणि मी वह्यांचा गठ्ठा घेऊन दाराशीच उभी होते.

मुख्याध्यापक म्हणाले, "हजेरी भरत नाही बाई तिची. नियम म्हणजे नियम."

"जिल्ह्याचा कप आनला तवा कुटं भरली होती हजेरी? तो कप परत करता काय?"

मुख्याध्यापकांनी पंख्याकडे पाहिलं. मग तिच्या आईला मी दिसले. आवाज एकदम मऊ करून ती म्हणाली, "तू तरी सांग गं बाय. तू खेलतेस ना तिच्यासंगं? कोन चांगला धावतं?"

मला उत्तर ठाऊक होतं. शाळेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"माझा तास आहे," म्हणून मी निघाले. वह्या ऑफिसात ठेवायच्या होत्या, त्या तशाच परत वर्गात नेल्या.

राज्य स्पर्धेत आम्ही दुसऱ्याच सामन्यात हरलो. शेवटची काही मिनिटं खेळाच्या सरांनी मला आत घातलं. एक खो मिळाला, मी उठले आणि चुकीच्या दिशेला धावले. शिट्टी वाजली. प्रमाणपत्र मात्र मिळालं, गुणही मिळाले. वडिलांनी सोसायटीत पेढे वाटले.

ती पुन्हा मैदानात आली नाही. वर्गात शेवटच्या बाकावर बसायची, माझ्याकडे बघायची नाही. परीक्षेत तिचं गणित राहिलं. तिनं ते परत दिलं नाही, असं नंतर कुणाकडून तरी कळलं.

काही वर्षांनी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. 'राज्य पातळीवरच्या खेळाडू' म्हणून माझं नाव पुकारलं. खाली बसून राहता आलं असतं. मी स्टेजवर गेले, शाल घेतली, फोटोला हसले.

त्या आठवड्यात एका जुन्या वर्गमैत्रिणीकडून तिचा नंबर मिळवला आणि फोन केला. ती आता आईच्या जागेवर बसते. मागे बाजाराचा गलका ऐकू येत होता. मी सगळं सांगितलं: वडील कुणाकडे गेले होते, मला काय माहीत होतं, मी दारातून का निघाले. मधे ती एकदाही बोलली नाही. मला वाटलं, रडत असेल.

"झालं तुजं?" तिनं विचारलं.

"हो."

"मंग आता मी काय करू त्याचा?" ती म्हणाली. आवाजात रागही नव्हता. "गिराइक हाय. ठेवते."