यादीतलं शेवटचं नाव

पंगत बसायच्या आधी आबा एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात साबण घेऊन दारात उभे राहायचे. "हात दावा!" जावई असो की साहेब, हात धुतल्याशिवाय कुणाला आत सोडत नसत. समोर हसावं आणि पाठीमागे वैतागावं, असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेलच.

आम्ही साताऱ्याकडच्या एकाच गावचे. ते वाशीच्या मार्केटात माथाडी, मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात कारकून. कोपरखैरण्यात आमची घरं समोरासमोर. सगळे त्यांना आबा म्हणायचे. दर रविवारी त्यांच्या घरी इथल्या गावकऱ्यांचं मंडळ जमायचं, आणि अध्यक्ष आबाच. बाकीच्या गावांची मंडळं देवळाला कळस चढवतात. आबांनी ठरवलं, आपण गावात घरोघरी संडास बांधायचे. ज्याचं घर त्यानं खड्डा खणायचा, वीटकाम सुट्टीत गावी जाणाऱ्या मंडळानं करायचं.

एकदा सानपाड्याला गावातल्या एका मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. आबा मध्येच म्हणाले, "पत्रिका ऱ्हाऊ द्या. घरात संडास हाय का?" मुलाचे मामा भडकले. मी आपला आबांचा शर्ट ओढतोय.

"वढू नगंस," आबा माझ्यावरच खेकसले. "पोरीनं काय डबा घिऊन नांदायचं?"

लग्न लांबलं, पण त्या घरी संडास झाला.

उघड्यावर बसणाऱ्यांना शिट्ट्या मारून उठवावं, असंही मंडळात कुणीतरी सुचवलं. आबा म्हणाले, "शिट्टीनं मानूस उठतोय, बांधत न्हाय. त्येच्यासंगं खड्ड्यात उतर." आणि स्वतः उतरायचे. पाठ आधीच पोत्यांनी कामातून गेलेली, तरी!

कुणाच्या घरी आधी बांधायचं, कुणाच्या नंतर, ती यादी मी लिहिली. त्यांची आई गावी एकटी राहायची. गावात सगळ्यांत वयस्कर तीच, म्हणून तिचं नाव मी पहिलं घातलं. आबांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, नाव खोडलं आणि सगळ्यांत खाली लिहिलं.

"वाढप्यानं शेवटच्या पंगतीला बसायचं असतंय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आग लागो त्या टाळ्यांना!

म्हातारीही फोनवर म्हणाली, "लोकांचं हुं दे आदी. मी हाय की."

यादीत दोनच घरं उरली होती. एका पहाटे डबा घेऊन निघालेली म्हातारी ओढ्याच्या उतारावर घसरली. खुबा मोडला, तो मोडलाच. पुढे सगळं अंथरुणातच करावं लागायचं, आणि दर वेळी ती लेकाची माफी मागायची. तशीच गेली बिचारी.

दिवसकार्य झाल्यावर आबांनी अंगणात खड्डा घ्यायला सुरुवात केली. आम्ही सगळे फावडी घेऊन धावलो, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. मला फक्त एवढंच म्हणाले, "तू पयलं लिवलं व्हतंस." माझी मान वर होईना.

त्यानंतर ते मार्केटात परतलेच नाहीत, गावीच राहिले. गेल्या वर्षी तेही गेले. मंडळाला आता दुसरे अध्यक्ष आहेत, भले आहेत. मला मात्र आबा आठवतात ते त्या बांधकामाच्या शेवटच्या दिवसाचे.

भिंतीला धरायची दांडी बसवायची राहिली होती. मिस्त्रीनं विचारलं, "आबा, किती उंचीवर घिऊ?"

सहा फुटांचा तो माणूस आत गेला. आई चालायची तसा कमरेत पार वाकला, आणि चाचपत भिंतीला हात टेकवला.

"हितं."

मिस्त्रीनं तिथे खूण केली. आबा बराच वेळ तसेच वाकून उभे होते.